गुरुजनांची बैठक

संगीताच्या वर्गात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्याच्या वाट्यास जे पहिले चार-दोन राग येतात, त्यांत यमन हटकून असतो. पंडित विष्णु नारायण भातखंडे ह्यांच्या क्रमिक पुस्तकांपासून हा परिपाठ चालत आला आहे, आणि तो सोयीचाही आहे. सातही स्वर, त्यांत मध्यम तेवढा तीव्र, चाल सरळ, रंग प्रसन्न. नवशिक्याचा गळा रुळावा असाच हा राग. मात्र यमन रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. दिवेलागण होऊन गेली, दिवसाची धावपळ ओसरली, म्हणजे त्याने यावे असा त्याचा मान. महाविद्यालयाच्या वेळापत्रकास हा मान राखता येत नाही. तेथे यमनाचा तास भर दुपारी बारालाही असू शकतो. नागपूरच्या त्या दुपारी, डोक्यावर पंख्याची घरघर आणि भिंतीपलीकडे अर्थशास्त्राचे व्याख्यान चालू असता, विद्यार्थी वहीत गंधार-निषादांचा संवाद टिपून घेतात. चाळीस-पन्नास मिनिटांनी घंटा होते. घंटा झाली की यमन थांबतो. मग तो कोठेही असो.

ह्यात कोणा शिक्षकाचा दोष नाही. संगीत उस्तादाच्या घरातून निघून शाळेत आले, तेव्हाच घड्याळ त्याच्या मागोमाग आले. त्या स्थलांतराने झालेला लाभ लहान नव्हे. ज्यांस पूर्वी गवयाच्या घराचा उंबरठाही ओलांडता आला नसता अशा मुलांस, आणि विशेषेकरून मध्यम स्थितीतील घरांतल्या मुलींस, गाणे खुले झाले ते ह्या शाळांमुळेच. परंतु घरातून शाळेत येताना एक गोष्ट वाटेतच राहून गेली. उस्तादाच्या घरी शिष्य शिकत असे थोडे आणि ऐकत असे फार. तालीम घटकाभराची, श्रवण अष्टौप्रहर. गुरू मेहनतीस बसला की ती शिष्याच्या कानावर पडे; गुरू मैफलीस निघाला की शिष्य तंबोरा घेऊन पाठीमागे बसे. गुरूचे साधलेले, हुकलेले आणि हुकता हुकता सावरलेले, सारे त्याच्या देखत घडे. शाळेत शिक्षक शिकवितो. तो गातो केव्हा, हे विद्यार्थ्यास पुष्कळदा ठाऊकही नसते.

ही उणीव भरून काढणारी एक चाल जगातील अनेक संगीत-विद्यापीठांत रूढ आहे. ती अशी की, अध्यापकांनी आपल्याच संस्थेत, आपल्याच विद्यार्थ्यांपुढे, ठरल्या दिवशी स्वतः गावयास वा वाजवावयास बसावे. विद्यार्थ्यांचे स्नेहसंमेलन ते हे नव्हे, आणि बाहेरून नामांकित कलावंत बोलावून केलेला समारंभही हा नव्हे. रोज जो फळ्याशी उभा असतो, त्यानेच त्या दिवशी गादीवर बसावयाचे.

पाश्चात्त्य देशांत ही चाल संगीतशाळांच्या बाल्यापासूनची म्हणावी लागेल. 1843 साली मेंडेल्सोन ह्या रचनाकाराने जर्मनीतील लायप्झिग येथे संगीत-विद्यालय काढले, तेव्हा व्हायोलिनचे अध्यापन त्याने फर्डिनंड डाव्हिड ह्याच्याकडे सोपविले. हा डाव्हिड त्याच शहरातील गेवांडहाउस वाद्यवृंदाचा अग्रणी वादक होता. सकाळी ज्याने बोट कोठे ठेवावे हे दाखविले, त्याचेच बोट संध्याकाळी कसे पडते हे त्या शहरात ऐकता येत असे. ह्या बैठकींत जे संगीत विशेष वाजते त्यास तिकडे 'चेंबर म्युझिक' म्हणतात. चेंबर म्हणजे दालन. मोजक्या वादकांनी, प्रत्येकाने आपली स्वतंत्र ओळ सांभाळीत, हातवारे करणाऱ्या संचालकावाचून, केवळ एकमेकांकडे कान देऊन केलेले वादन, ते हे दालनातले संगीत. दोन व्हायोलिने, एक व्हिओला आणि एक चेलो ह्यांचे चतुष्टय हा त्यातील सर्वांत मान्यता पावलेला प्रकार होय.

अशा एका चतुष्टयाची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. ब्रुसेल्स शहरातील 'प्रो आर्टे' नावाचे वादक 1940 च्या मे महिन्यात अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात बेथोव्हनच्या रचना वाजवीत असताना जर्मन सैन्य बेल्जममध्ये शिरले. घरी परतण्याची वाट बंद झाली. विद्यापीठाने त्या वादकांस आपल्याकडेच ठेवून घेतले, आणि अमेरिकेतील विद्यापीठाच्या आश्रयास कायमचे राहिलेले ते पहिले चतुष्टय ठरले. पुढे माणसे बदलत गेली, तरी त्याच नावाचे चतुष्टय त्या विद्यापीठात आजही आहे. संकटात सापडलेल्या चार पाहुण्यांची सोय म्हणून जे घडले, त्यातून विद्यापीठाने स्वतःचे वादक बाळगावेत ही कल्पना दृढ झाली. राजेरजवाड्यांचा आश्रय जेथे संपला तेथे विद्यापीठाचा सुरू झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

हिंदुस्थानी संगीतास ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. ख्याल हा मुळी दालनातलाच. एक गाणारा, दोन तंबोरे, तबला, जोडीस सारंगी किंवा पेटी, आणि समोर हातावर मोजता येतील इतके जाणकार, एवढ्या सामग्रीवर तो वाढला. गंधारावरील हलकासा आंदोल शेवटच्या माणसापर्यंत पोहोचला पाहिजे, तर तो शेवटचा माणूस फार लांब बसून चालत नाही. दिवाणखाने गेले, सभागृहे आली, ध्वनिक्षेपक आला, आणि आवाज हजारोंपर्यंत पोहोचू लागला. पण आवाज पोहोचणे आणि स्वर पोहोचणे ह्यांत अंतर आहे. विद्यालयाच्या एखाद्या मध्यम खोलीत, सतरंजीवर, साठ-सत्तर विद्यार्थ्यांपुढे ध्वनिक्षेपकावाचून झालेले गाणे जुन्या दिवाणखान्याच्या जितके जवळ जाते, तितके मोठ्या सभागृहातले जात नाही. त्या दृष्टीने पाहता, हरवलेला दिवाणखाना पुन्हा उभारण्याची ऐपत आज कोणापाशी असेल तर ती शिक्षणसंस्थांपाशीच आहे. तिकीट विकावयाचे नसते, पुरस्कर्ता शोधावयाचा नसतो, आणि श्रोते तर नोंदवहीत नावानिशी हजर असतात!

नागपुरापुरता विचार केला, तर ह्या शहराचे संगीतशिक्षण दोन्ही विष्णूंच्या छायेत वाढलेले दिसते. 1901 साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन करणारे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर ह्यांचे एक शिष्य शंकरराव सप्रे नागपुरास विद्यादान करीत होते. पुढे डॉ. वसंतराव देशपांडे म्हणून ज्यांचे नाव गाजले, त्यांनी बालपणी नागपुरात गाण्याचे पाठ घेतले ते ह्याच सप्रे गुरुजींकडे. दुसरी धारा भातखंड्यांची. नागपुरातील चतुर संगीत विद्यालयाच्या नावातला 'चतुर' म्हणजे भातखंडेच होत. संस्कृतात 'लक्ष्यसंगीत' लिहिताना आणि चिजा रचताना त्यांनी हेच नाव घेतले होते. नागपूर विद्यापीठ 1923 साली स्थापन झाले, आणि कालांतराने संगीत हा तेथे पदवी-परीक्षेचा एक विषय झाला. येथे एक गमतीची गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. नागपूरचे मॉरिस कॉलेज आणि लखनौचे मॅरिस कॉलेज ह्यांची नावे उच्चारात इतकी जवळ आहेत की, पुष्कळांची त्यांत गल्लत होते. नागपूरचे कॉलेज 1885 चे आणि साहित्य-शास्त्रांचे. लखनौचे 1926 चे आणि केवळ संगीताचे. लखनौचे भातखंड्यांच्या प्रयत्नाने उभे राहिले आणि त्यास नाव मिळाले तेथील गव्हर्नरांचे.

ह्या लखनौच्या कॉलेजचे 1928 पासून दीर्घकाळ प्राचार्य राहिलेले श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे प्रस्तुत विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण होय. भातखंडे स्वतः वकील, संग्राहक आणि शास्त्रकार. मैफलीचे गवई म्हणून ते कधी मिरवले नाहीत. गवयांच्या पोटातून त्यांनी शेकडो चिजा बाहेर काढल्या, लिपीबद्ध केल्या, मराठीत 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चे चार भाग लिहिले. तथापि कागदावर उतरलेल्या रागाला जिवंत गळा देणारा माणूस हवा होता. तो त्यांस रातंजनकरांत मिळाला. रातंजनकरांनी भातखंड्यांकडे शास्त्र घेतले, बडोद्यास फैयाझ खाँसाहेबांकडे गायकी घेतली, आणि शिवाय विद्यापीठाची पदवीही घेतली. 'सुजान' ह्या नावाने त्यांनी बंदिशी रचल्या. त्यांच्या हाताखालून के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी, चिदानंद नगरकर असे गायक आणि सुमति मुटाटकरांसारख्या विदुषी बाहेर पडल्या. मुटाटकरबाई मूळच्या मध्यप्रांतातील बालाघाटच्या. पुढे दिल्ली विद्यापीठाच्या संगीत-विभागाची धुरा त्यांनी वाहिली. शाळेतून गवई निपजत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी ही नावे एकदा ओळीने उच्चारून पाहावीत. आणि ती निपजली ह्याचे कारण शोधू गेल्यास असे दिसते की, तेथे शिकविणारा आणि गाणारा ही दोन माणसे नव्हती.

रातंजनकरांचा नागपूरच्या परिसराशीही संबंध आला. मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर असतानाच, 1956 साली, त्या राज्याने कायदा करून खैरागड येथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय स्थापन केले. खैरागडच्या राजदंपतीने आपला वाडा ह्या कार्यासाठी दिला; दिवंगत राजकन्येच्या नावाने विद्यापीठास इंदिरा हे नाव मिळाले. उद्घाटनाची तारीख 14 ऑक्टोबर 1956. त्याच दिवशी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. म्हणून ती तारीख नागपूरकरांच्या स्मरणात आहे, आणि खैरागडची घटना मात्र बहुतेकांच्या स्मरणातून गेली आहे. पुढच्याच पंधरवड्यात राज्यांची पुनर्रचना होऊन नागपूर मुंबई राज्यात आले आणि खैरागड पलीकडे राहिले. ह्या नव्या विद्यापीठाचे कुलगुरुपद रातंजनकरांनी काही काळ भूषविले. राजाचा वाडा आणि त्यात संगीताचे विद्यापीठ! दिवाणखाना शाळेत आणण्याऐवजी येथे शाळाच दिवाणखान्यात गेली.

आता, अध्यापकांच्या बैठकीने नेमके काय साधते, हे जरा बारकाईने पाहावयास हवे; कारण ती केवळ शोभेची गोष्ट मानली की वर्षाकाठी एकदा उरकली जाते आणि मग तीही बंद पडते.

प्रथम हिशेब पाहावा. अतिविलंबित एकतालाच्या बारा मात्रांचे एक आवर्तन आज सामान्यतः मिनिटभर चालते. तास पंचेचाळीस मिनिटांचा धरला, त्यातून हजेरी आणि तंबोऱ्याची जुळणी वजा केली, तर हाती तीस-पस्तीस आवर्तने उरतात. तेवढ्यात बंदिशीचा मुखडा दहा-बारा विद्यार्थ्यांकडून म्हणवून घ्यावयाचा, चुका दुरुस्त करावयाच्या, स्वरलिपी उतरवून द्यावयाची. म्हणजे बढत अशी होतच नाही. षड्जापासून निघून एकेक स्वर उजळीत तार षड्जापर्यंत जाण्यास, आणि तेथे पोहोचल्यावर तो षड्ज खरोखर मिळविल्यासारखा वाटण्यास, जो अवकाश लागतो, तो वर्गात कोणापाशीच नाही. विद्यार्थी रागाचे आरोह-अवरोह, पकड, वादी-संवादी, दोन बंदिशी आणि आठ ताना घेऊन परीक्षेस जातो आणि उत्तीर्णही होतो. पण त्याने तो राग एक तासभर सलग, एका गळ्यातून, समोर बसून ऐकलेलाच नसतो. नकाशा पाठ आहे, गाव पाहिलेले नाही, अशी ही अवस्था.

दुसरी गोष्ट लिपीची. भातखंड्यांची लिपी सोपी आणि शास्त्रशुद्ध आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी. मंद्र सप्तकास खाली बिंदू, तार सप्तकास वर. समेस फुली, खालीस शून्य. ही लिपी नसती तर शेकडो चिजा आज कोणास ठाऊकही नसत्या. तरीपण दरबारीचा गंधार आणि जौनपुरीचा गंधार कागदावर सारखाच दिसतो. दोहोंखाली एकच रेघ. दरबारीत तो ऋषभाच्या आधाराने संथ झुलतो, जौनपुरीत तसा झुलत नाही, आणि ह्या झुलण्यावर सारा राग उभा आहे. तोडीचा गंधार नेहमीच्या कोमलाहून आणखी उतरलेला. तो किती उतरलेला हे सांगावयास रेघ अपुरी पडते. मारव्यात षड्ज आहे खरा, पण गाणारा त्याला शक्य तितका दूर ठेवतो, आणि त्या टाळण्यातूनच मारव्याची हुरहुर जन्मते. जो स्वर टाळला तो लिहावयाचा कसा? वसंतराव देशपांडे लाहोरास असद अली खाँ ह्यांच्याकडे गेले तेव्हा खाँसाहेबांनी त्यांस महिनोन् महिने एक मारवाच शिकविला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. अभ्यासक्रमात मारव्यास इतके दिवस देणे कोणत्याही विद्यापीठास परवडणारे नाही. निदान एक संध्याकाळ देणे मात्र परवडण्यासारखे आहे.

संध्याकाळ, ह्या शब्दात तिसरी गोष्ट आली. महाविद्यालय साधारणतः साडेदहा-अकरास भरते आणि पाचास सुटते. भातखंड्यांच्या काल-नियमाप्रमाणे पाहता ह्या वेळात बसतात ते तोडी-आसावरीचे शेवटचे क्षण, मध्यान्हीचे सारंग आणि तिसऱ्या प्रहराचा भीमपलास; फार तर उतरत्या उन्हातला मुलतानी. भैरव, ललत पहाटेचे. पूरिया, मारवा संधिप्रकाशाचे. बागेश्री, दरबारी, मालकंस उत्तरोत्तर चढत्या रात्रीचे. म्हणजे अभ्यासक्रमातील बहुतेक राग विद्यार्थी अवेळीच भेटतात. समयाचे बंधन कितपत मानावे ह्यावर वाद आहे, आणि दक्षिणेकडे ते तितके मानीतही नाहीत. परंतु जे बंधन प्रश्नपत्रिकेत पाच गुणांसाठी विचारावयाचे, त्याचा अनुभव विद्यार्थ्यास एकदाही येऊ द्यावयाचा नाही, हे विचित्र होय. बैठक संध्याकाळी सहास ठेवली तर मारवा आपल्या वेळेस भेटतो. रात्री नवास ठेवली तर बागेश्री. आणि सुटीच्या दिवशी पहाटे साडेपाचास ठेवून एखाद्या अध्यापकाने ललताचे दोन मध्यम लागोपाठ लावून दाखविले, तर त्या पहाटे उठून आलेला विद्यार्थी ललत पुन्हा विसरेल असे वाटत नाही.

ऋतूंचेही असेच. नागपुरात महाविद्यालये उघडतात ती जूनच्या अखेरीस किंवा जुलैत, म्हणजे विदर्भात पाऊस ऐन भरात येतो तेव्हा. मल्हाराचे दिवस हेच. पण नव्या विद्यार्थ्यास त्या वेळी शुद्ध स्वर लावण्याचीच मारामार असते. वसंत आणि बहार ह्यांचा काळ माघ-फाल्गुन, आणि त्याच सुमारास उन्हाळी परीक्षांचे अर्ज भरून विद्यार्थी घायकुतीस आलेले असतात. निसर्गाचे पंचांग आणि विद्यापीठाचे पंचांग जुळत नाही. ते जुळविण्याचा उपाय एकच: विद्यार्थ्यास मल्हार गाता येत नसला तरी ऐकू द्यावा. जुलैच्या एखाद्या सायंकाळी, बाहेर सरी कोसळत असताना, मियाँमल्हारातील दोन निषादांची ती सुप्रसिद्ध घसट कानावर पडली, तर तीन वर्षांनी अभ्यासक्रमात तो राग आला असता त्याची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही.

अध्यापकांच्या बाजूनेही विचार केला पाहिजे, आणि खरी अडचण तेथेच आहे. गाणाऱ्याने परगावी गाणे निराळे आणि स्वतःच्या विद्यार्थ्यांपुढे गाणे निराळे. परगावचा श्रोता सम चुकली तर फार तर मान फिरवितो; विद्यार्थी दुसऱ्या दिवशी वर्गात समोर असतो. शिवाय अध्यापनाचा व्यवसायच असा की, दिवसभर नवशिक्यांचे कच्चे सूर ऐकून आणि ओरडून ओरडून गळा शिणतो, मेहनत मागे पडते. दहा-पंधरा वर्षांत उत्तम गाणारा माणूस उत्तम सांगणारा होऊन बसतो. मग बैठक टाळली जाते. कधी कामाचा भार पुढे केला जातो, कधी प्रकृतीचा. ह्या संकोचास हसणे योग्य नव्हे. तथापि विद्यापीठांच्या पदवी-परीक्षेत आज 'मंचप्रदर्शन' म्हणून स्वतंत्र गुण असतात. विशी-बाविशीच्या मुलामुलींस परीक्षकांसमोर, श्रोत्यांसमोर बसून राग उभा करावा लागतो. जे भय विद्यार्थ्यास सक्तीने सोसावयास लावावयाचे, ते अध्यापकाने स्वेच्छेने वर्षातून दोन-तीनदा सोसावे, ही अपेक्षा जाचक म्हणता येणार नाही.

शिकविणाऱ्याने गाऊन दाखवावे की नाही, हा प्रश्न एके काळी देशभर पेटला होता. 1952 नंतर आकाशवाणीने कलावंतांची नव्याने पारख करण्यास प्रारंभ केला. त्या वेळचे मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर ह्यांनी हे काम रातंजनकरांच्या नेतृत्वाखाली सोपविले. घराण्यांतल्या नामवंत गवयांस आणि वादकांस शास्त्रज्ञांपुढे परीक्षेस बसण्याचे अपमानास्पद वाटले, आणि मोठा क्षोभ उसळला. जो स्वतः मैफल मारून नेत नाही त्याने आमची पारख काय करावी, हा त्या क्षोभाचा गाभा होता. रातंजनकरांच्या बाबतीत हा आरोप अन्यायाचा होता, कारण ते स्वतः श्रेष्ठ गायक होते. परंतु शाळेत शिकविणारा म्हणजे न गाणारा, अशी समजूत किती खोल रुजली होती, हे त्यावरून दिसते. काळाचा फेरा असा की, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत, रूढ पदव्यांवाचून साहाय्यक प्राध्यापक होऊ पाहणाऱ्या कलावंतास आकाशवाणी वा दूरदर्शनचा 'ए' श्रेणीचा कलावंत असणे ही पात्रतेची एक खूण मानली आहे. नेमणुकीच्या वेळी गाता येते की नाही हे पाहिले जाऊ लागले. नेमणूक झाल्यावर तो गातो की नाही, हे पाहण्याची सोय मात्र त्या त्या संस्थेनेच करावयाची आहे.

नागपूरकरांस ह्या संदर्भात एका नाटकाची आठवण व्हावी. 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक 1967 च्या डिसेंबरात रंगभूमीवर आले. ते लिहिले नागपूरच्या रंजन कला मंदिराच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी, आणि त्यातील खाँसाहेब गाजविले ते नागपुरातच पहिले पाठ घेतलेल्या वसंतरावांनी. जितेंद्र अभिषेकींच्या चाली घराघरांत पोहोचल्या, त्यामुळे नाटकाचा पेच काय होता हे गाण्यांच्या झगमगाटात विसरले जाते. पेच असा, की खाँसाहेब सदाशिवास विद्या देण्यास तयार नाहीत, आणि तो त्यांच्याच छायेत लपूनछपून ऐकत शिकतो. शिकविण्यास नकार देता येतो. ऐकू न देणे त्याहून अवघड. सदाशिवास चोरून जे मिळवावे लागले, ते आजच्या विद्यार्थ्यास उजेडी, समोर बसून मिळू शकते. आणि नेमके तेच त्यास फार थोड्या ठिकाणी मिळते.

बैठक कशी असावी ह्यासंबंधी थोडे सांगून हा विषय पुरा करता येईल. ती लहान असावी. एका वेळी एकच अध्यापक, फार तर दोन. सहा अध्यापकांनी दहा-दहा मिनिटे गायची म्हटले तर ते पुन्हा वर्गच होते. तबल्यास आणि पेटीस त्याच संस्थेतील अध्यापक असावेत, कारण साथ ही देखील शिकविण्याची गोष्ट आहे, आणि ठेका धरून मागे राहणे म्हणजे काय हे पुस्तकात नाही. रागांपैकी एक तरी त्या वर्षीच्या अभ्यासक्रमातील असावा. प्रस्तावना दोन मिनिटांत संपवावी. राग कोणता हे आधी सांगावे की विद्यार्थ्यांस ओळखू द्यावा, हे गाणाऱ्याने ठरवावे. मुंबई विद्यापीठाच्या संगीत-केंद्राचे पहिले संचालक अशोक रानडे आणि श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठातील संगीत-विभागाच्या प्रमुख राहिलेल्या प्रभा अत्रे ह्यांनी सप्रयोग व्याख्यानाचा प्रकार मोठ्या योग्यतेस नेला. त्याचे मोल वेगळे आहे. बैठकीत मात्र मध्येच थांबून समजावून सांगू नये. प्रश्न असतील ते दुसऱ्या दिवशी वर्गात यावेत. ते येतात, आणि अशा वेळी आलेले प्रश्न पुस्तकातून आलेले नसतात.

ध्वनिक्षेपक शक्य तर नसावाच. वर्गात आजकाल विजेचा तंबोरा किंवा भ्रमणध्वनीतील तंबोरा चालतो, आणि रोजच्या कामास तो पुरतोही. बैठकीस मात्र मिरजेचे दोन तंबोरे काढावेत. नागपूरच्या हवेत ते जुळविणे ही स्वतंत्र विद्या आहे. कोरड्या उन्हाळ्यात जुळलेली तार पावसाळ्यात जागेवर राहत नाही, आणि जव्हारीखालचा सुताचा धागा केसाएवढा सरकला तरी झंकार मरतो. अध्यापकाने सर्वांच्या देखत दहा मिनिटे ही जुळणी करावी आणि त्या वेळी कोणी घड्याळ पाहू नये. पंचम लागला, जोड मिळाली, खर्ज बोलू लागला, म्हणजे ते दोन तंबोरे पाठीमागे बसलेल्या दोन विद्यार्थ्यांच्या हाती द्यावेत. दर बैठकीस विद्यार्थी निराळे असावेत. समोर बसलेल्यांस गाणे ऐकू येते. पाठीमागे बसलेल्यांस त्याखेरीज गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो, तान उचलण्यापूर्वी त्याने पाठ कशी ताठ केली ते दिसते, आणि स्वर हुकून पुन्हा हाती येईपर्यंतचा तो क्षण त्यांच्याच तंबोऱ्याच्या आधाराने जातो.

भातखंड्यांचे निधन 1936 च्या 19 सप्टेंबरास, गणेशचतुर्थीच्या दिवशी झाले. नागपुरातील वर्ग त्या तारखेपर्यंत रुळलेले असतात, पाऊस पुरता गेलेला नसतो, आणि मल्हार अजून शोभतो. वर्षातील पहिली बैठक कोणत्या दिवशी घ्यावी असा प्रश्न एखाद्या विभागास पडलाच, तर ही तारीख मोकळी आहे.